बोंडे मास्टरांचं परफेट

आमच्या मजल्यावरच्या बोंडे मास्टरांना कायम सर्दी असायची. निदान सुरुवातीचे दोन-तीन महिने मला तरी तसंच वाटत होतं. नाक वाहत नाही, शिंक नाही, आवाज बसलेला नाही. पण सकाळी पावणेआठला ड्यूटीवर जायला मी दार उघडलं, की समोरच्या दारात मास्टर उभे. हातात स्टीलची वाटी, वाटीत दोन चमचे दही.

"वैदेही, जरा वास बघ बरं. माझं नाक चोंदलंय आज."

मी वास घ्यायची, चमचाभर दही तोंडात टाकायची. "छान आहे काका."

"छान नको सांगूस. आंबट किती, ते सांग. एक ते पाचमध्ये."

"अडीच."

"दोन पॉइंट पाच," असं पुटपुटत ते आत जायचे आणि दार लागायचं. त्यात आभार नसायचे, हसू नसायचं. पण तो लॉट पास झाला आहे आणि आता त्यावर पुढचं काम सुरू होणार आहे, एवढं मला कळायचं. मी स्वतः सिल्वासाजवळच्या मसाटच्या एका पॅकिंग फिल्मच्या कारखान्यात क्वालिटीला होते, त्यामुळे ती भाषा ओळखीची होती.

नाशिकहून सिल्वासाला आले तेव्हा मी एकटीच होते. किलवणी नाक्याजवळच्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके मिळालं. समोरच्या दारावर 'प्र. ना. बोंडे' अशी पाटी. सगळे त्यांना मास्टर म्हणत, म्हणून मला आधी ते शाळेत शिकवत असावेत असं वाटलं. खालच्या मजल्यावरच्या एका आईने तर मुलाच्या गणिताच्या शिकवणीबद्दल त्यांना विचारलंही होतं. ते डाइंग मास्टर होते. सुताला रंग देणाऱ्या कारखान्यात रंगाचं गणित ज्याच्या हातात असतं तो माणूस. भुसावळकडचे, तरुणपणी इकडे आले, राखोलीच्या एका डाय हाउसमध्ये तीस वर्षं काढली आणि निवृत्त होऊनही इथेच राहिले.

उंच, वाळलेले, आणि नेहमी पांढरा हाफ शर्ट. दिवाळीलाही पांढराच. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "रंगीत शर्ट घातला की त्याची झाक सॅम्पलवर पडते." निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, सॅम्पल कुठलं राहिलेलं नव्हतं, तरी शर्ट पांढराच. रंग बघायचा तर दिवसाच्या उजेडात, यावर ते हटून बसत. "ट्यूबलाइटमध्ये सगळंच खरं वाटतं," हे वाक्य ते आठवड्यातून एकदा तरी म्हणत. नाक्यावर खानवेलकडची एक बाई फळं घेऊन बसायची. तिच्या डोक्यावर लाल ताडपत्री. मास्टर तिच्याकडची पपई उचलायचे आणि ताडपत्रीबाहेर रस्त्यावर येऊन चारी बाजूंनी फिरवून बघायचे.

"काका, पपैयुं छे, साडी नथी!" ती ओरडायची.

"साडी दुकानदार परत घेतो. पपई तू घेशील का?" मास्टर तिथूनच विचारायचे. ती हसायची. पपई मात्र मास्टर नेमकी घ्यायचे. कापली की आत एकसारखी केशरी, कुठे हिरवट कड नाही, कुठे पाणी सुटलेलं नाही.

आता हे सगळं दही-पपईचं का सुरू झालं ते सांगायला हवं, कारण शकुंतलाकाकू धडधाकट असताना मास्टरांनी स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. पाणीसुद्धा बाहेर मागायचे. काकू यावलकडच्या. भरदार अंगाच्या, मोठ्या आवाजाच्या. ओटा हा त्यांचा मुलूख होता. मी राहायला आले त्या आठवड्यात त्यांनी मला भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी पाठवली होती आणि दुसऱ्या दिवशी दारात येऊन विचारलं होतं, "कसं झालं होतं वं माय? खरं सांग."

त्या नोव्हेंबरात काकूंना टायफॉइड झाला. आठ दिवस दवाखान्यात राहून घरी आल्या आणि जानेवारीत ताप उलटला. दुसऱ्यांदा घरी आल्या त्या ओळखू येईनात. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायच्या. ताप गेला होता, पण अन्नावरची वासना गेली ती परतली नव्हती. पेज दिली तर नको, मऊ भात दिला तर नको. ताट समोर आलं की त्या मान फिरवायच्या. डॉक्टर म्हणाले, औषधाचं काम झालंय, आता खाल्लं तरच अंगात ताकद येईल. घरी लावलेलं ताजं दही, फळं, जे थोडं थोडं जाईल ते द्या.

मुलगी पुण्याहून येऊन पंधरा दिवस राहिली. जाताना तिने बाबांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ टाकून दिला. काचेच्या ग्लासात घट्ट दह्याचा थर, फळांचा थर, पुन्हा दही, वर कुरकुरीत काहीतरी. मास्टर तो व्हिडिओ घेऊन माझ्याकडे आले.

"याला काय म्हणतात?"

"पार्फे."

"लिहिलंय तर टी शेवटी."

"तो म्हणायचा नसतो काका."

"मग लिहायचा कशाला?" ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्या पदार्थाचं नाव परफेट झालं. "परफेक्टमधला क काढला की झालं," असं ते लोकांना समजावून सांगत.

चौसष्टाव्या वर्षी ते दही लावायला शिकले. पहिल्या दिवशी दूध इतकं गरम होतं की विरजण त्यात मरूनच गेलं. दुसऱ्या दिवशी इतकं गार, की सकाळी दूधच. तिसऱ्या दिवशी तार सुटली. त्यांनी एक वही केली: दूध किती वेळ उकळलं, बोट बुडवून किती आकडे मोजता आले, विरजण किती, थंडी कशी. बोट बुडवून दहापर्यंत मोजता आलं आणि तरी ऊब जाणवत राहिली, तर दूध विरजायला तयार, हे त्यांनी स्वतः शोधून काढलं. जगातल्या प्रत्येक बाईला ते माहीत आहे असं मी सांगितलं तर म्हणाले, "मग कुणी लिहून का नाही ठेवलं?" सरत्या थंडीत दही लागेना, तेव्हा मातीचं गाडगं टॉवेलात गुंडाळून त्यांनी इन्व्हर्टरच्या डोक्यावर ठेवलं. तिथे कायम ऊब असते. दही असं लागलं की गाडगं तिरपं केलं तरी हललं नाही.

मग ते दही मलमलच्या कापडात बांधून सिंकच्या नळाला टांगायचं, पाणी निथळलं की घट्ट चक्का. साखर नाही. गोडीला खजूर बारीक करून. त्यावर पपई, चिकू, डाळिंबाचे दाणे, जे त्या दिवशी उजेडात पास होईल ते. आणि सगळ्यात वर भाजलेल्या ज्वारीच्या लाह्या, तीळ, शेंगदाण्याचा भरडा. या शेवटच्या थराबद्दल ते फार कडक होते. लाह्या आधी घालायच्या नाहीत. चमचा हातात घेतल्यावरच घालायच्या. मला एकदा त्यांनी ग्लास दिला आणि मी बोलत बसले, तर माझ्या हातातून ग्लास काढून घेतला, वरच्या मऊ पडलेल्या लाह्या चमच्याने उचलून टाकल्या आणि नव्या घातल्या. "आवाज आला पाहिजे," म्हणाले. "दाताखाली आवाज नाही तर खायचं कशासाठी?" मला वाटलं, म्हातारपणची लहर.

पहिलं परफेट त्यांनी काकूंसमोर ठेवलं तेव्हा मी तिथे होते. काकूंनी मान फिरवायला सुरुवात केली होती, पण ग्लासाकडे बघून थांबल्या. पांढऱ्यावर केशरी, केशरीवर पांढरं, वर डाळिंबाचे लाल ठिपके.

"हे खायचं का पाह्याचं?"

"आधी पाह्य," मास्टर म्हणाले.

काकूंनी बराच वेळ पाहिलं. मग चमचा मागितला. एक, दोन, तीन चमचे खाल्ले आणि ग्लास बाजूला सारला. मास्टरांनी तो उचलून आत ठेवला. मला सोडायला दारापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "तीन चमचे." एखाद्याला मुलगा झाल्याची बातमी सांगावी तसं.

तीनाचे पाच झाले, पाचाचा अर्धा ग्लास. मार्चमध्ये काकू पूर्ण ग्लास संपवायला लागल्या. अंगात ताकद अजून नव्हती, खुर्चीतून उठताना हात धरावा लागायचा, पण गालावर थोडं मांस दिसायला लागलं. आणि रोज सकाळी माझ्या दारात वाटी येतच होती, नाक चोंदलेलंच होतं. एकदा मी त्यांना निलगिरीच्या तेलाची बाटली आणून दिली. त्यांनी ती घेतली, "बरं झालं आणलीस," म्हणाले, आणि झाकण न उघडताच फळीवर ठेवली.

एप्रिलमधला एक गुरुवार. सकाळी मी दह्याचा वास घेतला, चव घेतली, अडीच सांगितलं आणि ड्यूटीवर गेले. नऊ वाजता लाइनच्या कामासाठी सोसायटीची वीज गेली ती चारला आली. फ्रिज इन्व्हर्टरवर चालत नव्हता. मास्टर काकूंच्या रक्ताचा रिपोर्ट आणायला वापीला गेले होते, काकू पलंगावर झोपून होत्या. मास्टर साडेचारला परतले, तेव्हा फ्रिज पुन्हा घरघरत होता आणि आत सगळं जिथल्या तिथे होतं. त्यांनी सकाळीच चिरून ठेवलेली पपई काढली, चक्का काढला. रंगात फरक नव्हता. त्यांनी ग्लास भरला.

मी साडेसहाला आले ती रिपोर्ट विचारायला सरळ त्यांच्याकडेच गेले. काकू खुर्चीत बसल्या होत्या. हातात ग्लास, तळाशी दोन चमचे उरलेले. मास्टर समोर उभे. आत पाऊल टाकताच मला तो वास आला. आंबूस, नासका, गोडसर. पपई आंबली होती आणि दह्यालाही वास सुटला होता.

"काका, हे कधीचं?"

"आजचंच. सकाळी तूच तर पास केलंस."

"याला वास येतोय काका."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांनी गप्प राहा म्हणाल्या. मला ते कळलं नाही. म्हणजे कळलं, पण तोवर पुढचं वाक्य तोंडातून गेलं होतं, "काकू, तुम्ही खाल्लंत कसं?"

"चांगलं आहे," काकू म्हणाल्या. "मले काही नाही लागलं."

मास्टरांनी काकूंच्या हातून ग्लास घेतला. नाकाशी नेला. खोल श्वास घेतला, पुन्हा घेतला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, काकूंकडे बघितलं. परक्या भाषेत कुणी काही विचारावं आणि आपल्याला उत्तर देता येऊ नये, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"कसला वास?" ते म्हणाले.

तासाभरात काकूंना उलट्या सुरू झाल्या. मी खालून रिक्षा बोलावली. दवाखान्यात दाखल करून घेतलं, सलाइन लागलं. अंगात आधीच काही नव्हतं, म्हणून डॉक्टरही थोडे काळजीत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीवर जाण्याआधी मी वॉर्डात डोकावले तेव्हा उलट्या थांबल्या होत्या. काकू जाग्या होत्या. मास्टर पलंगाशेजारी स्टुलावर, कालचाच शर्ट अंगात. डॉक्टर राउंडला आले आणि कागद बघत सहज म्हणाले, "नासलेलं होतं तर देताना वास नाही आला का तुम्हाला?"

मास्टर उभे राहिले. "मला वास येत नाही," म्हणाले. "पंधरा वर्षं झाली."

डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायला सांगितलं आणि पुढच्या पलंगाकडे गेले. मी तिथेच थांबले, जावं की राहावं न कळून. एका मोठ्या सर्दीनंतर त्यांना वास येणं बंद झालं ते पुन्हा सुरू झालंच नव्हतं. तेव्हा कारखान्यात सांगायची सोय नव्हती. डाय हाउसमध्ये कुठलं ॲसिड कुठे सांडलं, कुठला ड्रम गळतोय, हे आधी नाकाला कळतं. मास्टरला वास येत नाही हे कळलं असतं तर त्यांना घरी बसवलं असतं. म्हणून कुणाला सांगितलं नाही. घरी सांगितलं तर कधीतरी बाहेर जाईल म्हणून घरीही नाही. मग निवृत्ती आली. तोवर सांगायची वेळ निघून गेली होती. हे सगळं त्यांनी फरशीकडे बघत, दोन-दोन शब्दांत सांगितलं.

काकू ऐकत होत्या. त्यांनी एकच विचारलं.

"मंग माह्यं भरीत?"

मास्टर स्टुलावर बसले.

"पंधरा वर्षं जेवताना फस्क्लास, फस्क्लास म्हनू राह्यले, ते काय मंग?"

"फस्क्लासच असते."

"कशावरून?"

"दातावरून," मास्टर म्हणाले. "जिभेवरून. तिखट लागते. मीठ लागते. शेंगदाने दाताखाली येतात. भाकर गरम असते."

"आन् धूर? वांग्याचा धूर?"

"धूर आठवते," ते म्हणाले. "येत नाही."

काकूंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

दोन दिवसांनी त्यांना घरी आणलं. त्या घरात मी इतकी शांतता कधी पाहिली नव्हती. गाडगं धुऊन पालथं घातलेलं, मलमलचं कापड घडी करून ठेवलेलं, वही बंद. मी माझ्याकडून डाळ-तांदळाची खिचडी नेऊन दिली. मास्टर दारात भेटले, आत बोलावलं नाही. "वैदेही," म्हणाले, "तीस वर्षांत माझा एक लॉट परत आला नव्हता." मी म्हटलं, "काका, सकाळी मीच पास केला होता. चूक असेल तर माझीही आहे." त्यांनी मान हलवली. "तू सकाळचा पास केला होतास. संध्याकाळचा मी दिला."

तिसऱ्या दिवशी मी डबा परत न्यायला गेले, तर काकू खुर्चीत नव्हत्या. स्वयंपाकघराच्या दाराला धरून उभ्या होत्या. तीन महिन्यांत त्या कुणाच्या आधाराशिवाय तिथवर गेल्या नव्हत्या. मास्टर पलीकडे ओट्याशी.

"दूध कुठी आहे?" काकू.

"फ्रिजात."

"काढा. माह्या नाकाशी धरा."

मास्टरांनी पातेलं आणून त्यांच्या नाकाशी धरलं. काकूंनी वास घेतला. "ठेवा उकळाले," म्हणाल्या. आणि खुर्ची आत आणायला सांगितली. त्या बसल्या, मास्टर उभे. मास्टरांनी पातेलं गॅसवर चढवलं. मग काकू म्हणाल्या.

"पह्यल्याच चमच्याले कळलं होतं मले."

"काय?"

"नासलं होतं ते. पह्यल्याच चमच्याले."

मास्टर वळले. "मंग खाल्लं काबर?"

"तुम्ही समोर उभे होते. तोंडाकडे पाहू राह्यले होते माह्या. मंग थुंकू कशी?"

मास्टर ओट्याला टेकले. मग म्हणाले, "म्हनजे तू पन लपवलं."

"तुम्ही पंधरा वर्षं," काकू म्हणाल्या. "मी एक ग्लास."

मला हसू आलं. मग काकूंनाही आलं, तीन महिन्यांत पहिल्यांदा, पोट धरून. मास्टर हसले नाहीत. पांढऱ्या शर्टाच्या बाहीने त्यांनी डोळे पुसले आणि तेवढ्यात दूध उतू गेलं.

त्यानंतर त्या घराची रीत बदलली. नाक काकूंचं, डोळे मास्टरांचे. फळ मास्टरांनी आणायचं, घरात आलं की काकूंनी हुंगून सांगायचं, ठेवायचं की टाकायचं. फ्रिजातल्या प्रत्येक डब्यावर मास्टरांच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी: कुठला वार, किती वाजता भरला. वीज तासाभरापेक्षा जास्त गेली तर आतलं दही आणि चिरलेली फळं टाकून द्यायची, चर्चा नाही. आणि काकू एक गोष्ट विचारायच्या बंद झाल्या. "कसं झालं?" असं त्या मास्टरांना पुन्हा कधी विचारताना मी ऐकलं नाही. त्या विचारायच्या, "काय काय लागतं?" मास्टर मग घास तोंडात घोळवून सांगायचे. हे गरम, हे खरखरीत, इथं आंबट, मागून तिखट येतंय. जेवण सुरू असताना हे चालायचं. दोघं एखादी वस्तू मिळून तपासत असल्यासारखे.

तेव्हा कुठे काकूंच्या, आणि मग माझ्याही, लक्षात आलं. मास्टरांनी ते परफेट काकूंसाठी केलं होतं खरं, पण रचलं होतं स्वतःच्या तोंडाने. गार दही, मऊ पपई, डाळिंबाचा दाणा फुटतो तो, आणि वर लाह्यांचा आवाज. त्यांच्या तोंडाला जे जे कळत होतं ते सगळं त्या एका ग्लासात होतं. बाकीचं जेवण त्यांच्यासाठी निम्मंच असायचं. ग्लास तेवढा पुरा होता. हे कळल्यावर काकूंनी तो आणखी वाढवला. दह्यात आल्याचा रस दोन थेंब, कारण आलं नाकाला नाही तरी जिभेला झोंबतं. लाह्यांबरोबर भाजलेल्या खोबऱ्याचे काप. ग्लास आधी फ्रिजात गार करून. कमलम म्हणतात ते गुलाबी ड्रॅगन फ्रूट मास्टरांना फार आवडायचं, त्यातल्या काळ्या बिया दाताखाली येतात म्हणून. काकू म्हणायच्या, "ना वास, ना चव. नुसतं रूप. हे फळ देवानं तुमच्याचसाठी केलं."

माझी वास बघायची नोकरी मात्र गेली. एका सकाळी पावणेआठला दार उघडलं तर समोर कुणी नव्हतं. बंद दाराआडून काकूंचा आवाज आला, "तीन!" आणि मास्टरांचा, "कालच्यापेक्षा जास्त आहे, सव्वातीन लिहितो." मी थोडा वेळ तशीच उभी राहिले. मग खाली गेले. बस निघायला पाच मिनिटं होती, आणि सकाळी तोंडात दह्याची चव नाही हे मला मसाटपर्यंत जाणवत राहिलं.

गणपतीत सोसायटीच्या बायकांनी मास्टरांना परफेट शिकवायला बोलावलं. क्लब रूममध्ये टेबल मांडलं, पंचवीस-तीस जणी आल्या, त्यात गुजराती होत्या, हिंदी बोलणाऱ्या होत्या. मास्टर आत आले, वर ट्यूबलाइटकडे बघितलं आणि सुरू करेनात. शेवटी टेबल, ग्लास, फळं, बायका, सगळं उचलून पार्किंगमध्ये आणावं लागलं. तिथे ऊन नव्हतं, पण दिवसाचा उजेड होता. मग मास्टर खुलले. गुजराती, हिंदी, मराठी सगळं एकत्र करून ते बोलत होते. "पहले देखो. आँख को भूख लागे, तब चमच लेवानो." दह्याचा वास बघायची वेळ आली तेव्हा ते थांबले. मी मागे उभी होते. मला वाटलं, आता ते सर्दीचं सांगतील.

"मला वास येत नाही," मास्टरांनी तीस बायकांना सांगितलं. "ते डिपार्टमेंट यांचं." आणि पहिल्या रांगेतल्या काकूंकडे हात केला. काकू उठल्या, पदर खोचला आणि वाटी नाकाशी नेली.

एकीने विचारलं, थोडा रंग आणि इसेन्स टाकला तर मुलांना जास्त आवडेल का? मास्टरांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती हसायलाच लागली. "आयुष्यभर मी रंगच घातला," ते म्हणाले. "फळाला त्याची गरज नसते. त्याचा मास्टर वेगळा आहे."

पुढच्या डिसेंबरात मला नाशिकला काम मिळालं. मी निघायच्या चार दिवस आधी मास्टर आणि काकू भाचीच्या लग्नाला भुसावळला जाणार होते, म्हणजे निरोप त्यांचाच आधी होता. रविवार होता, म्हणून मी त्यांना वापी स्टेशनवर सोडायला गेले. दोन बॅगा, एक पिशवी. काकू हिरवी नऊवारी नेसल्या होत्या. ब्लाउज पुन्हा अंगाला बरोबर बसत होता, तो आजारपणात दोनदा आत घेतलेला आणि आता उसवून मूळच्या मापावर आणलेला, हे त्यांनी मला रिक्षात कौतुकाने दाखवलं.

गाडी पलीकडच्या फलाटावर लागणार होती. सरकता जिना बंद होता. मी एक बॅग घेतली, मास्टरांनी दुसरी. काकूंनी पिशवी घेतली आणि आम्हाला काही न सांगता पुलाच्या पायऱ्या चढायला लागल्या. मधे कुठे थांबल्या नाहीत. आम्ही अर्ध्यात होतो तेव्हा त्या वर पोचल्या होत्या. मास्टरांना दम लागला. त्यांनी बॅग पायरीवर ठेवली आणि कठडा धरला.

"या हळूहळू!" वरून काकूंचा आवाज आला, पूर्वीसारखा मोठा, चार माणसांनी वळून बघितलं. "गाडीले टाइम आहे अजून!"

मास्टर वर बघत होते. मला म्हणाले, "बघ. कशी गेली वर."

मग माझ्या हातातली बॅगही त्यांनी घेतली, मी नको नको म्हणत असताना, आणि दोन्ही हातांत दोन बॅगा घेऊन एक एक पायरी चढत गेले. मी पायरीवरच थांबले. वर पोचल्यावर काकूंनी एक बॅग काढून घेतली. दोघं पुलावरून चालायला लागले, काकू दोन पावलं पुढे, पांढरा शर्ट मागे. मागे वळून बघायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.